मधल्या तीन वर्षांचे उत्तर

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे. एका कंपनीच्या लेखा विभागात मी १४ वर्षे काम केले. तीन वर्षांपूर्वी पतींना गंभीर आजार झाला आणि त्यांच्या शुश्रूषेसाठी मी नोकरी सोडली. वीस महिने आजाराशी झगडून ते गेले. त्यालाही आता सोळा महिने झाले. शिल्लक उपचारांत संपली आणि तीन ठिकाणचे कर्ज डोक्यावर आहे. चार महिन्यांपूर्वी एका मुलाखतीत ‘मधली तीन वर्षे काय करत होतात?’ असे विचारले गेले आणि मला रडू आवरले नाही. मी अर्ध्यातून उठून आले. त्यानंतर एकही अर्ज केलेला नाही. सकाळी उठवत नाही, दिवस कसा जातो ते कळत नाही. ज्या मुलाला मी काम शिकवले, तो आज त्याच विभागाचा प्रमुख आहे. त्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे, पण फोन करायची लाज वाटते. भाऊ म्हणतो, मी पैसे देतो, तू व्यवसाय सुरू कर. शाळेत शिकणाऱ्या मुलीसमोर मी सगळे ठीक असल्याचे दाखवते. मला आता साधी बेरीजही जमणार नाही असे वाटते. माझे सगळे संपले आहे का? आणि भावाचे पैसे घ्यावेत का?

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले. ‘मला आता साधी बेरीजही जमणार नाही’ हे वाक्य ज्या पानावर आहे, त्याच पानाच्या मागच्या बाजूला तुम्ही तिन्ही कर्जांची मांडणी केली आहे. मुद्दल, व्याजदर आणि उरलेले हप्ते असे तीन रकाने आहेत, खाली बेरीज आहे आणि बेरजेखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. मी ती बेरीज ताडून पाहिली. ती बरोबर आहे. पतींच्या औषधांच्या वेळा, ताप आणि खर्च यांची तुम्ही ठेवलेली वही पाहून डॉक्टरांनी तिची नक्कल मागून घेतली, असेही तुम्ही ओझरते लिहून गेला आहात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला या दोन गोष्टींत दिसते. तुमचे कौशल्य कुठेही गेलेले नाही. गेला आहे तो त्यावरचा तुमचा विश्वास, आणि तो का गेला हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही सांगणे योग्य होणार नाही.

तुम्ही लिहिता की आधी या दुःखातून पूर्ण बाहेर यावे आणि मगच कामाचे पाहावे, असे तुम्ही ठरवले होते. हा विचार स्वाभाविक आहे, पण याच विचाराने तुम्हाला जागच्या जागी थांबवून ठेवले आहे, असे मला वाटते. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शूट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोकाविषयी जी मांडणी केली, तिचा गाभा असा की शोकातला माणूस दोन कामांमध्ये सतत ये-जा करत असतो. गेलेल्या माणसाचे दुःख करणे हे एक काम आणि बदललेल्या आयुष्याची घडी बसवणे हे दुसरे. पहिले संपवून दुसरे सुरू करावे असा त्यांचा क्रम नाही. एकाच दिवसात सकाळी बँकेचे कागद पाहावेत आणि संध्याकाळी गेलेल्या माणसाचा शर्ट हातात धरून रडावे, हीच निरोगी माणसाची रीत आहे. तेव्हा दुःख शिल्लक असताना कामाला लागणे म्हणजे पतींशी प्रतारणा नाही, आणि काम लागल्यानंतरही एखाद्या दिवशी रडू आले तर ते अपयश नाही. मुलाखतीत तुम्हाला रडू आले, कारण तो प्रश्न अचानक तुम्हाला एका कामातून दुसऱ्या कामात खेचून घेऊन गेला. याची तयारी करता येते. त्याविषयी पुढे लिहितो.

त्याआधी एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करायला हवी. जवळजवळ सगळा दिवस उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे हे सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल, तर ते नैराश्याच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिच्यात सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्रतेने टिकून राहणाऱ्या आणि रोजचे जगणे अडवणाऱ्या शोकाचीही स्वतंत्र नोंद आहे. यांपैकी तुम्हाला काही आहे की नाही, हे पत्रावरून सांगणे चुकीचे ठरेल. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि आयुष्य संपवावे असा विचार कधी मनात आला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला जवळच्या माणसाला किंवा डॉक्टरांना सांगा. पतींच्या आजारपणात तुम्ही डॉक्टरांकडे जायला एक दिवसही उशीर केला नव्हता. तीच तत्परता आता स्वतःसाठी दाखवा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

‘दिवस कसा जातो ते कळत नाही’ हे तुमचे वाक्य वाचताना मला ऑस्ट्रियातील मारिएंटाल या गावाची आठवण झाली. तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले, तेव्हा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. रस्त्याने चालणारे पुरुष पुन्हा पुन्हा थांबत असत. दिवसभर काय केले, असे विचारले तर त्यांना धड सांगता येत नसे. याहोडा यांनी पुढे आयुष्यभर हेच मांडले की काम पैशांखेरीज आणखी काही देत असते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव, समाजात एक ओळख आणि हात चालते ठेवण्याचे कारण.

आता तुमच्या बाबतीत काय झाले ते पाहा. नोकरी सुटली तेव्हा हे सगळे गेले नव्हते, कारण तिची जागा शुश्रूषेने घेतली होती. सकाळी सहाचे औषध, दहाचे ड्रेसिंग, दुपारची तपासणी, रात्री दोनला ताप पाहणे, असा त्या वीस महिन्यांचा प्रत्येक तास नेमलेला होता. पती गेले त्या दिवशी तुमचा जोडीदार गेला आणि त्याच दिवशी तुमचे ते दुसरे कामही गेले, पण त्याविषयी तुमचे सांत्वन कोणी केले नसेल, कारण ते काम होते हेच कोणाच्या लक्षात आले नसेल. तीन वर्षांत तुमच्या हातून दोन कामे गेली आहेत. मग सकाळी कशासाठी उठायचे हे कळेनासे झाले, तर तो आळस नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे.

म्हणून सुरुवात दिवसापासून करा. उठण्याची वेळ एकच ठेवा, झोप कितीही उशिरा लागली तरी. ठरलेल्या वेळी घराबाहेर पडा, मग ते नुसते चालायला का असेना. मन लागले की काम करू, असे आपण म्हणतो. परंतु अमेरिकेत नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की नैराश्यातील माणसांना केवळ दिनक्रमातील कृती वाढवायला शिकवण्याचा परिणाम, विचार बदलण्याच्या संपूर्ण उपचाराइतकाच होता. आधी कृती आणि तिच्यामागून मन, असा क्रम बऱ्याचदा लागतो. नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, यावर लंडनमध्ये झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सरासरी ६६ दिवस सांगतो, पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. तेव्हा दहाव्या दिवशी घडी विस्कटली तर हातपाय गाळू नका. अकराव्या दिवशी त्याच वेळी उठा.

याला जोडूनच ओळखीतल्या एखाद्या लहान व्यावसायिकाचे किंवा संस्थेचे जमाखर्चाचे काम आठवड्यातून दोन दिवस हाती घ्या. मोबदला कमी असला तरी चालेल, मात्र तो असावा, आणि काम कोणाला तरी ठरल्या दिवशी द्यायचे असावे. आपण स्वतःला दिलेला शब्द सहज मोडतो. दुसऱ्याला दिलेला शब्द पाळायला मात्र तुमच्यासारखा माणूस उठतोच.

आता भावाच्या पैशांविषयी. त्यांचे प्रेम खरे आहे, याविषयी शंका नको. तरीही आज हे पैसे घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगतो. उद्या सकाळी तुम्हाला जुन्या नोकरीसारखी नोकरी मिळाली, तरीही तुम्हाला हा व्यवसाय करावासा वाटेल का, हे स्वतःला विचारा. पत्रात त्या व्यवसायाविषयी एकच ओळ आहे आणि ती भावाच्या तोंडची आहे. तो कशाचा, त्याला गिऱ्हाईक कोण, पहिले सहा महिने घरखर्च कशातून चालणार, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. १४ वर्षे हिशेब पाहिलेली बाई एखाद्या गोष्टीविषयी आकडा लिहीत नाही, तेव्हा ती गोष्ट तिला मनातून पटलेली नसते, असा मी त्याचा अर्थ घेतो. शिवाय तीन कर्जे असताना चौथे देणे अंगावर येईल, आणि नातेवाइकाच्या पैशाला व्याज नसले तरी त्याचे ओझे असते. प्रत्येक भेटीत ते जाणवत राहते. भावाला असे सांगा: ‘तू पाठीशी आहेस, याचा मला फार आधार आहे. पैशांचा निर्णय मी वर्षभराने घेईन. आत्ता मला तुझा वेळ हवा आहे. रविवारी दोन तास माझ्याबरोबर कर्जाचे कागद घेऊन बस.’ ज्याला मदत करायची आहे, त्याला नेमके काय करायचे ते सांगितले की त्याचाही जीव भांड्यात पडतो.

कर्जाबाबत तुम्हाला मी काय शिकवणार! एवढेच सांगतो की हप्ता थकण्याआधी तिन्ही ठिकाणी लेखी कळवा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याविषयी विचारा. थकल्यानंतर विचारणाऱ्यापेक्षा आधी विचारणाऱ्याचे ऐकून घेतले जाण्याची शक्यता अधिक असते. तिन्ही ठिकाणी ठरलेला हप्ता भरून काही उरले, तर ते ज्या कर्जाचा व्याजदर सर्वांत जास्त आहे, त्याच्यात घाला. आणि मुलीला थोडे तरी सांगा. रक्कम सांगायची गरज नाही; ‘बाबांच्या आजारपणात कर्ज झाले आहे, ते फेडायची व्यवस्था मी करते आहे, तुझ्या शिक्षणावर त्याचा परिणाम होऊ नये म्हणून माझा प्रयत्न चालू आहे’ एवढे पुरे. घरात काही तरी बिनसले आहे हे मुलांना कळतेच, आणि कारण कळले नाही की ती ते स्वतःमध्ये शोधू लागतात.

त्या मुलाखतीच्या प्रश्नाकडे येतो. सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटे, दार लावून लिहायला बसा. नोकरी सोडतानाचा दिवस, आजारपण, शेवटची रात्र, तो मुलाखत घेणारा माणूस, जो राग असेल तो राग, जी लाज असेल ती लाज. शुद्धलेखनाकडे पाहू नका आणि कोणाला दाखवू नका. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या ६३ जणांवर हेच करून पाहिले. ज्यांनी नोकरी जाण्याविषयी मनातले सगळे लिहून काढले, त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकरी मिळाली, आणि विशेष असे की त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज केलेले नव्हते. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. तरीही मला त्याचे कारण समजते: जे कागदावर एकदा बोलून झालेले असते, ते अनोळखी माणसासमोर बांध फुटल्यासारखे बाहेर येत नाही. लिहिताना फारच त्रास होऊ लागला, तर मात्र थांबा आणि डॉक्टरांशी बोला.

सहाव्या दिवशी उत्तर तयार करा. ते तीन वाक्यांचे असावे. ‘पतींच्या गंभीर आजारपणामुळे मी नोकरी सोडली आणि त्यांच्या निधनापर्यंत त्यांची शुश्रूषा व उपचारांचा सगळा आर्थिक व्यवहार मीच सांभाळला. ती जबाबदारी आता संपली आहे आणि मी पूर्ण वेळ कामासाठी मोकळी आहे. मधल्या काळात बदललेले कराचे आणि हिशेबाचे नियम मी अलीकडे अभ्यासले आहेत, तेव्हा माझ्याकडे नेमके कोणते काम येईल, हे सांगाल का?’ पहिल्या वाक्यात सत्य आहे आणि त्यात माफी नाही. तिसरे वाक्य प्रश्नावर संपते, म्हणजे बोलणे कामाकडे वळते. अर्थात ते वाक्य खरे असले पाहिजे, म्हणून त्याआधी महिनाभर रोज एक तास बदललेल्या नियमांना द्या. हे उत्तर मोठ्याने, आरशासमोर नव्हे तर भावजय किंवा मैत्रीण अशा जिवंत माणसासमोर वीस वेळा म्हणा. पहिल्या चार-पाच वेळा गळा दाटून येईल. तो तिथेच दाटून येऊ द्या.

अर्जांविषयी एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत काल्पनिक बायोडेटा पाठवून केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात असे दिसले की बेकारीचा काळ जसा लांबतो तसे मुलाखतीचे बोलावणे कमी होते, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की केवळ कागद पाहून निवड करणाऱ्यांकडे तुमची बाजू पडती राहील, पण जे नुकसान व्हायचे होते ते बहुतांशी होऊन गेले आहे. आणखी दोन महिने तयारीला गेले म्हणून काही बुडणार नाही. आणि कागद तुमच्या विरुद्ध बोलत असेल, तर तुमच्या बाजूने बोलणारा माणूस शोधला पाहिजे.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सहांतल्या जवळपास पाच जणांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली नव्हती, तर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मिळाली होती. जवळची माणसे आपल्याला माहीत असलेलेच जग जाणतात. दूरची ओळख दुसऱ्या जगातली बातमी आणते. तुमच्याकडे अशी ओळख आहे, तिचा नंबरही आहे, आणि मधे फक्त लाज आहे.

त्या लाजेविषयी मला थोडे बोलायचे आहे, कारण मी ती भोगली आहे. काही वर्षांपूर्वी आजारपणामुळे मी दीड वर्ष कामापासून दूर होतो. परतलो तेव्हा ज्यांच्या मसुद्यांवर मी कधी काळी लाल शाईने खुणा केल्या होत्या, त्यांच्याच हाताखाली मला बसावे लागले. पहिले तीन आठवडे दुपारनंतर डोके चालत नसे आणि हे सर्वांना दिसत असणार, असे मला वाटे. त्यांच्यातल्या एकाने माझ्या टेबलावर एक अहवाल ठेवला आणि म्हणाला, ‘तुम्ही पाहिल्याशिवाय मी हा पुढे पाठवत नाही.’ मी ज्याला माझी उतरण समजत होतो, ती त्याच्या खिजगणतीतही नव्हती. मी त्याला काय शिकवले होते, एवढेच त्याला आठवत होते. तुम्ही ज्याला शिकवलेत, त्यालाही त्याचे पहिले महिने आठवत असतील, चुकलेला ताळमेळ रात्री थांबून कोणी सोडवून दिला, तेही आठवत असेल. सगळेच तसे असतात असे मी म्हणणार नाही. तो टाळाटाळ करू लागला, तर दोन मिनिटांत फोन ठेवता येतो, आणि मग विभागातल्या दुसऱ्या कोणाला तरी फोन करता येतो.

त्याच्याकडे नोकरी मागू नका. नोकरी मागितली की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावे लागते, आणि ‘नाही’ म्हणायचा संकोच वाटला की माणूस फोन उचलेनासा होतो. माहिती मागा. ‘मी पुन्हा काम सुरू करते आहे. गेल्या तीन वर्षांत आपल्या कामात काय बदलले, ते तुझ्याकडून वीस मिनिटे समजून घ्यायचे आहे. आणि माझ्यासारख्या अनुभवाची माणसे सध्या कोणाला हवी आहेत, हे तुला ठाऊक असेल तर तेही सांग.’ पुढे काही निघाले आणि पद आधीच्यापेक्षा खालचे असले, तर काम तुमच्या ओळखीचे आणि माणसे बरी आहेत की नाहीत, एवढे पाहून ते स्वीकारा. मात्र किती महिन्यांनी पद आणि पगाराचा फेरविचार होईल, हे रुजू होतानाच विचारून घ्या. पहिल्या महिन्यात लवकर थकवा येईल, त्याचा अर्थ जमत नाही असा लावू नका.

फोन सकाळी करा, आणि महिनाअखेर टाळा. त्या दिवसांत लेखा विभागात कोणाला मान वर करायला उसंत नसते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.